पाळणाघरातून येणारे लेकरांचे कपडे: डाग जात नाहीत अन गुडघे टिकत नाहीत

आर्णीवाली, सोमवार रात्री ९.५०

नमस्कार ताई-दादांनो, लई दिवसांपासून विचारीन विचारीन म्हणत होती, आज वेळ भेटला. आमचं गाव आर्णीपासून आत आहे, मी रोज तालुक्याले नोकरीले जाते, मिस्टर वावरात. पोरगी अडीच वर्षाची, पाडव्यापासून तिले गावातल्याच एका मावशीकडे ठेवतो. तिथं आठ-दहा लेकरं असतात, मावशी जीव लावतात, टायमावर जेवू घालतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. प्रश्न कपड्यांचा आहे. सकाळी धुतलेला फ्रॉक घालून पाठवावं अन संध्याकाळी आणाले गेलं की छातीवर वरणभाताची हळद, मांडीवर जांभळं, मागून काळी माती, आता मिरगाचा पाऊस लागल्यापासून तर चिखलच चिखल. पाडव्याले चार फ्रॉक घेतले होते त्यातले तीन आता पाहुण्यांकडे नेण्यासारखे राहिले नाहीत. लेगिंगचे गुडघे दीड महिन्यात गेले.

कालची गोष्ट सांगते, पांढऱ्या फ्रॉकवर हळद सांडली होती, मी साबणाची वडी घासली तर डाग एकदम लाल झाला, मी घाबरलीच, मले वाटलं पोरीले कुठी लागलं अन रक्त आलं, दिव्याखाली नेऊन तिचं सगळं अंग तपासून पाहिलं. काहीच नव्हतं.

सासूबाई म्हणतात लेकरू असं मळकं नेत जाऊ नको, लोकं नावं ठेवतात. त्यांचंही चुकत नाही. पण दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री न्हाणीत बसून घासून घासून माझ्या हाताची सालं निघाली. हे डाग कशानं जातात, फाटलेल्याचं काय करता तुम्ही, अन मावशींना काही बोलावं का? बोललं तर त्यांना वाईट वाटेल का याची भीती वाटते.

चंद्रपूरची_आई

ताई, तो लाल रंग रक्ताचा नाही, हळदीचाच. साबणात अन सोड्यात खार असतो, खार लागला की हळद लाल होते. आपलं कुंकू कसं बनवतात, हळदीले चुना लावूनच ना? तेच तुमच्या फ्रॉकवर झालं. स्वच्छ पाण्यातून काढलं किंवा लिंबू पिळलं की परत पिवळा होईल. म्हणून लाल झालं की अजून जोरात घासायचं नाही, कपडा तेवढा विरतो.

हळदीले एकच औषध, ऊन. साबण लावून धुवा, डाग ओला असतानाच फ्रॉक उलटा करून नाही तर सुलटा, डाग वर येईल असा कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात मरतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा एका दुपारी डाग गायब होते. आता ढगाळ असलं तर दोन-तीन दिवस लागतील, जेव्हा उघाड पडेल तेव्हा टाका. बाकी रंगीत कपडे मात्र सावलीत, नाहीतर हळदीसोबत फ्रॉकचा रंगही जाईल.

पुसद_शिवणकाम

गुडघ्याचं मी सांगते, हा माझा धंदाच आहे. लेगिंग फाटल्यावर ठिगळ लावणं म्हणजे उशीर झाला. नवीन आणली त्याच दिवशी आतून गुडघ्याले एक तुकडा लावून घ्यायचा, घरातल्या जुन्या टीशर्टचा कापा, तो लेगिंगसारखाच ताणला जातो, पातळ सुती कापडाचा लावला तर लेगिंग ताणते अन तुकडा ताणत नाही, मग शिवणच फाटते. टाका घट्ट ओढायचा नाही, मशीन असेल तर तिरपा नागमोडी टाका, हातानं असेल तर ढिला धावदोरा.

अन फ्रॉक शिवून घेत असाल तर शिंप्याले सांगायचं की बाजूच्या शिवणीत माया म्हणजे आतलं जास्तीचं कापड जास्त सोड अन खाली तीन बोटं दुमड ठेव. लेकरू वर्षात वाढते, माया उसवली, दुमड सोडली की तोच फ्रॉक अजून एक वर्ष जातो. रेडीमेडमध्ये माया ठेवतच नाहीत, ओव्हरलॉक मारून सगळं कापून टाकतात, म्हणून तो कपडा वाढवता येत नाही. मी गिऱ्हाइकाले हेच सांगते की रोजच्या कपड्याले गावातला शिंपी बरा.

पँटचा गुडघा गेला तर वरून कापून हाफपँट, हाफपँटचं बुड गेलं तर चांगला राहिलेला नेफा अन इलॅस्टिक काढून ठेवा, दुसऱ्या पँटीत घालता येते. फ्रॉक आखूड झाला तर घेर कापून कुडतं. पावसाळ्यात मी मुद्दाम गडद रंगाच्या जुन्या साडीचे झबले शिवून ठेवते, लोकं नेतात.

दर्यापूरकरीण

तुम्ही सगळ्या साबणाच्या गोष्टी सांगून राहिल्या, पण आधी पाणी कोणतं आहे ते विचारा न. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो, आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाले फेसच येत नाही. कितीही वडी घासा, पांढरा दह्यासारखा गाळ सुटते अन तोच कपड्यात बसते. पांढरे कपडे दोन महिन्यात राखेच्या रंगाचे होतात, लेकराच्या अंगाले ते कडक कापड टोचते. मी किती वर्षं समजत होती की माझंच धुणं खराब आहे. माहेरी नदीच्या पाण्यावर धुतलेली चादर पाहिली अन मग डोक्यात प्रकाश पडला.

आता मी काय करते, बादलीत साबणाआधी धुण्याचा सोडा एक चमचा टाकते, पाच-दहा मिनिटं राहू देते, मग साबण. पाणी मऊ होते, साबण कमी लागते. पण नंतर दोनदा तरी साध्या पाण्यातून खळबळून काढावं लागते, सोडा राहिला की लेकराच्या मांडीले खाज येते, माझ्या लहान्याले आली होती. अन सध्याच्या दिवसात तर टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवते, पहिल्या पावसाचं पाणी सोडून देते कारण टिनावरची धूळ येते, त्यानंतरचं पाणी भरून घेते. पावसाच्या पाण्यात अर्ध्या साबणात काम होते. लेकरांचे कपडे तेवढे मी त्याच पाण्यात धुते.

रिठे भेटत असतील तर रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करा, त्याचा फेस जड पाण्यातही येते, बोअरच्या पाण्यानं तो फाटत नाही. आमची आजी लोकरीचं टोपरं अन स्वेटर रिठ्यातच धुवायची.

वर्ध्याचा_बाप

माझं थोडं वेगळं मत आहे. पाळणाघराले आपण महिन्याचे पैसे देतो, मग जेवायच्या वेळी लेकरांच्या गळ्यात एखादं फडकं बांधणं, चिखल झाला तर कपडा बदलून घालणं एवढं त्यांनी करायले पाहिजे. माझा मुलगा जायचा तिथं ओले कपडे संध्याकाळपर्यंत तसेच अंगावर असायचे, त्याले दोनदा सर्दी झाली अन मांड्या लाल झाल्या, शेवटी आम्ही ते पाळणाघर बदललं. डाग ठीक आहे, पण ओलं लेकरू ठेवणं ठीक नाही. ताई, तुम्ही मावशींना नक्की बोला, घाबरू नका.

अंगणवाडीताई_मेळघाट

दादा, ओलं लेकरू ठेवू नये हे तुमचं शंभर टक्के बरोबर. मी अंगणवाडीत आहे, १९ वर्षं झाली, म्हणून दुसरी बाजू सांगते, रागावू नका.

माझ्याकडे ३ ते ६ वर्षांची लेकरं आहेत, मी अन एक मदतनीस. हापसी शाळेपलीकडे आहे. लेकरू जेवते तेव्हा पोट भरणं पहिलं, फडकं दुसरं. आमची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ले सुरू झाली, तिच्यात सहा सेवा आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण, आरोग्य अन आहाराचं शिक्षण. कपडे त्यात येत नाहीत. म्हणून आम्ही आयांकडूनच मागतो अन मागायची लाज वाटत नाही, एका पिशवीत एक चड्डी, एक बनियन किंवा फ्रॉक, एक जुनं फडकं. ज्यांनी पिशवी दिली त्यांचं लेकरू ओलं राहत नाही. ज्यांनी दिली नाही त्यांच्यासाठी मी माझ्या पोराचे जुने कपडे एका डब्यात ठेवले आहेत.

दुसरं म्हणजे कपड्याची अदलाबदल. आयांना वाटते आम्ही लक्ष देत नाही. आमची मदतनीस मावशी वाचू शकत नाही, तिच्यासाठी नाव लिहिणं कामाचं नाही. मग मी प्रत्येक लेकराले एक रंग दिला. कॉलरच्या मागं त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके. लाल एक, हिरवा दुसरा, दोन रंग मिळून तिसरा, असे २६ लेकरांचे झाले. आता मावशी एकदा मान वाकवून पाहते अन बरोबर घालते. लेकरंही आपला रंग ओळखायले लागले, एक पोरगं म्हणते माझा पिवळा कुठी गेला.

गळ्यात नाडी असलेले कपडे अन सेफ्टीपिन लावलेले कपडे मात्र पाठवू नका, हात जोडून सांगते. नाडी खिडकीच्या गजाले अडकते. ढिलं बटण दिसलं की काढून टाका, तोंडात जाते.

अन आर्णीवाली ताई, मावशींना बोला, पण डागावरून नको. पिशवी द्या अन विचारा की तुम्हाले काय सोयीचं आहे.

आर्णीवाली, मंगळवार रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी पिशवी घेऊन गेली. मावशींनी लगेच ठेवून घेतली, म्हणाल्या कधीची मागायची होती पण तू नोकरीवाली, तुले काय वाटेल म्हणून बोलली नाही. दोघी एकमेकींना घाबरत होतो.

पण त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली अन ती सकाळपासून मनातून जात नाही. आठ दिवसांपासून माझी पोरगी चिखलात खेळत नाही म्हणे. बाकीचे लेकरं अंगणात मातीच्या चुली करतात, त्यावर पानाच्या भाकरी थापतात, ही पायरीवर उभी राहते, फ्रॉकचा घेर दोन्ही मुठीत गच्च धरून वर उचलते अन पाहत राहते. मावशींनी बोलावलं तर म्हणते, "आई रागावते." अडीच वर्षाचं लेकरू. गेल्या आठवड्यात मीच तिले दोन-तीन वेळा जोरात बोलली होती, की परत मळवून आली तर फ्रॉक घालणार नाही. मी विसरून गेली, तिनं धरून ठेवलं.

मले आता डागापेक्षा याचं वाईट वाटून राहिलं.

पुसद_शिवणकाम

बाई गं. वाचून पोटात कालवलं. पण लेकरं लवकर विसरतात, तुम्ही तिच्यासोबत एकदा चिखलात बसा.

चंद्रपूरची_आई

हो, आईले हात घालताना पाहिलं की मग तिले सांगावं लागणार नाही. अन तिले एक खेळाचा कपडा द्या जो मळायसाठीच आहे, तिले दाखवून द्या की हा मळवायचा. आम्ही त्याले घरी "मातीचा ड्रेस" म्हणतो, लेकरू सकाळी स्वतःच मागते.

दोन_लेकरांची_माय

मी इथं जास्त लिहीत नाही, वाचत असते. आज लिहावं वाटलं. तुम्ही सगळ्या म्हणता वेगळे कपडे काढून ठेवा, पिशवीत एक जोड द्या. माझ्या दोन्ही लेकरांचे मिळून सहा जोड आहेत. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पिशवीत एक ठेवला तर घरी काय घालू. आम्ही दोघंही मजुरीले जातो, सध्या पेरणी, मग निंदण, मग कापूस वेचाले, लेकरं सासूकडे नाही तर अंगणवाडीत. मोठ्या घरच्या बाया जुने कपडे देतात, पण कसे देतात, बटणं नाहीत, मांडीत फाटलेले, डागाळलेले, न धुतलेले. घ्यावे तरी वाईट, न घ्यावे तरी वाईट. मी एकदा परत केले तर बोलल्या की गरज असून माज आहे. माझ्या लेकराच्या अंगावर डाग चालतो, तो त्याच्या खेळण्याचा डाग आहे. दुसऱ्याच्या लेकराचा डाग नाही चालत मले.

अंगणवाडीताई_मेळघाट

ताई, तुम्ही लिहिलं हे फार चांगलं केलं. चूक आमची आहे, पिशवी मागताना मी हा विचार करते का ते आज स्वतःले विचारलं. पिशवी नाही म्हणून माझ्याकडे कधी कोण्या लेकराले वेगळं ठेवलं नाही, पण आईले मनात काय वाटलं असेल हे मले कळलं नव्हतं.

एक माहिती देते, उपयोगी पडली तर पाहा. रोजगार हमीच्या कामावर बाया लहान लेकरं घेऊन आल्या अन अशी पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यातल्या एका बाईले लेकरं सांभाळायले ठेवायचं अन तिले पूर्ण मजुरी द्यायची असं कायद्यातच आहे. ग्रामसभेत मागता येते. अन मिशन शक्तीमध्ये पाळणा म्हणून योजना आहे, ६ महिने ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडीलेच पाळणाघर जोडायचं. तुमच्याकडे आहे का ते पर्यवेक्षिका बाईंना विचारा.

वर्ध्याचा_बाप

मी वर पैशाचं बोललो होतो, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. ताई, तुमचं म्हणणं पटलं.

सांगोपांग_बोरी

डागाचं राहूनच गेलं म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीत पाण्यात टाकायची टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर असते ना, ती थोडी आणून भिजवून पाहा, पांढरे कपडे एकदम शुभ्र होतात. आमच्याकडे बरेच जण करतात.

चंद्रपूरची_आई

दादा, मी केलं होतं अन माझा चांगला फ्रॉक गेला. पावडर नीट विरघळली नव्हती, जिथं खडा बसला तिथं वाळल्यावर बोट घालता येईल एवढं भोक पडलं. दुसरं, मुरमाच्या लाल मातीच्या डागावर टीसीएल घातली तर डाग जायच्या ऐवजी पक्का होते, त्या मातीत लोह असते, तो गंजाचाच डाग आहे. अन सगळ्यात महत्त्वाचं, टीसीएल किंवा कोणतंही ब्लीच अन संडास धुवायचं अॅसिड एकत्र येऊ द्यायचं नाही, लिंबूही नाही. त्यातून विषारी वायू निघते, न्हाणीघर छोटं असते अन लेकरू पायाशी असते. पाण्याची पावडर पाण्यातच राहू द्या.

मुरमाले अन पेटीच्या गंजाले लिंबू-मीठ. लिंबू पिळा, वरून मीठ चोळा, उन्हात ठेवा, वाळलं की धुवा, दोन-तीन वेळा करा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत लावून पाहा.

दर्यापूरकरीण

काळ्या मातीले उलटं आहे. आपली घाई असते, चिखल दिसला की ओलाच नळाखाली धरतो अन घासतो, ती चिकण माती दोऱ्याच्या आत शिरते अन मग तो करडा ठसा जन्मात जात नाही. चिखलाचा कपडा आधी पूर्ण वाळू द्या. मग दोन हातांनी चोळा, पापुद्रे गळतात, ब्रशनं झटका, मग नुसत्या साध्या पाण्यात बुडवा, गढूळ पाणी फेका, परत बुडवा, पाणी नितळ आलं की तेव्हा साबण. माझी सासू वावरातले कपडे असेच धुवायची, तेव्हा मले वाटायचं आळस करून राहिली.

पुसद_शिवणकाम

जांभळाचं: ताजा डाग असला तर आधी नुसतं थंड पाणी, मग लिंबू नाही तर आंबट दही अर्धा तास. साबण शेवटी, पहिले साबण लागला की जांभूळ निळाकाळा होते. दूध, उलटी, रक्त यांना गरम पाणी लावायचं नाही, शिजून बसते, थंड्या पाण्यात भिजवा. तेलाच्या डागावर ज्वारीचं पीठ दाबून ठेवा, पीठ तेल ओढते, मग भांड्याचा साबण. पॉलिस्टरमधलं तेल लवकर निघत नाही, सुती कपड्यातलं निघते. आपण कापूस पिकवणारे लोकं, लेकराले तरी सुती घाला, घामही शोषते.

अचलपूरचे_काका

रंगाच्या टाक्यावरून आठवलं. पूर्वी परीट लोकं कपड्यावर बिब्ब्याची खूण करायचे, बिब्बा टोचून त्याच्या तेलाचा ठिपका अन त्यावर चुना. तो ठिपका कपडा फाटेपर्यंत जात नाही. माझी आई अजून म्हणते लेकराच्या कपड्याले बिब्बा लावा म्हणजे हरवणार नाही.

अंगणवाडीताई_मेळघाट

काका, लेकरांच्या कपड्याले नको. बिब्बा उततो. आमच्याकडे एका पोराच्या मानेवर फोड आले होते, कॉलरमागं आजीनं ठिपका दिला होता. आईंना सांगा दोऱ्याचा टाका बरा.

अचलपूरचे_काका

बरोबर आहे ताई, सांगतो तिले. अजून एक. फाटकं-मळकं यावरून वर बोलणं झालं. आमच्या जिल्ह्यात शेंडगावले १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, परिटाच्या घरी. अंगावर सगळ्या चिंध्या जोडून केलेला झगा, म्हणून लोकं त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. अन त्याच माणसानं हातात झाडू घेऊन गावंच्या गावं झाडली. माझे आजोबा सांगायचे, ठिगळ लावलेल्या कपड्यात शाळेत जायले मला लाज वाटायची तेव्हा वडील बाबांचं नाव घेऊन म्हणायचे, ठिगळाची कसली लाज, घाणीची लाज बाळग. आर्णीवाली ताईंच्या सासूबाईंना हे जरूर सांगा, त्या पिढीले बाबांचं नाव पटते.

दोन_लेकरांची_माय

माझ्या सासूनं परवा लेकरांच्या सगळ्या चिंध्या काढल्या अन वाकय म्हणजे गोधडी भरायले घेतली. वरून तिचं जुनं लुगडं, आत लेकरांचे झबले, दुपटे, फाटके बनियन असे थरावर थर. मधे मोठ्या पोराचा पहिल्या वाढदिवसाचा सदरा आला, बगलेत पूर्ण विरलेला. सासू म्हणे हा वर ठेवू, दिसला पाहिजे. त्याच्या भोवती बोटभर अंतरावर धावदोरा घालत घालत ती बाहेर येऊन राहिली. रोज दुपारी एक हात. थंडीपर्यंत होईल. वाकयीत डाग असला तरी काही वाटत नाही, उलट पोरगा हात लावून विचारते हा डाग कशाचा, मी सांगते तू आंबा खाल्ला होता.

पुसद_शिवणकाम

थर देताना नायलॉन-पॉलिस्टर मधे टाकू नका ताई, सुतीच टाका, नाहीतर थर सरकतात अन धुतल्यावर गोळा होते. इलॅस्टिक अन बटणं काढली ना?

दोन_लेकरांची_माय

हो, बटणं डबीत ठेवली.

आर्णीवाली, रविवार दुपारी

उशिरा सांगते, चार दिवस फोन घेतला नाही. पांढरा फ्रॉक बुधवारी अन शुक्रवारी उघाड पडली तेव्हा दोरीवर टाकला, हळद गेली. नीट पाहिलं तर किंचित सावली दिसते, पण मले माहीत आहे म्हणून दिसते. जांभळाचा डाग आता जुना झाला होता, तो लिंबानं फिका झाला, गेला नाही. पुसदच्या ताईंनी सांगितल्यासारखे जुन्या टीशर्टचे तुकडे तीन लेगिंगले लावले, एक वाकडा लागला, तोच पोरीले आवडला, गुडघ्यावर हात फिरवत बसते.

भाच्याची एक निळी हाफपँट अन माझ्या जुन्या ओढणीचं झबलं, हा तिचा मातीचा ड्रेस. शुक्रवारी मी अर्धी सुट्टी काढून मावशींच्या अंगणात गेली अन सगळ्या लेकरांसोबत चूल केली. पहिले ती माझ्या साडीच्या काठाकडे पाहत होती, काठाले चिखल लागला तर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काही बोलली नाही, चुलीले अजून एक लपका लावला. मग बसली. घरी आली तेव्हा कोपरापर्यंत माती होती, केसातही. सासूबाईंनी पाहिलं, दोन मिनिटं गप्प राहिल्या अन म्हणाल्या पाणी तापवते.

दोन लेकरांच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी मावशींना वाचून दाखवलं. आता आम्ही आया मिळून एक पेटी ठेवत आहो. नियम तुमचेच घेतले आहेत: धुतलेला, बटणं लावलेला, आपल्या लेकराले घालू असाच कपडा ठेवायचा, फाटका थेट वाकयीत. अन ठेवणारी अन घेणारी वेगळी नाही, लहान झालेला ठेवायचा अन मापाचा न्यायचा, माझ्या पोरीसाठी मीच पहिले त्यातून एक परकर घेतला.

वर्ध्याचा_बाप

आमच्या मुलाचे ३-४ वर्षाचे पाच शर्ट चांगले आहेत, इस्त्री करून ठेवतो. आर्णीकडे येणारं कोणी आहे का?

आर्णीवाली

दादा, पुढच्या आठवड्यात माझा भाऊ वर्ध्यावरून येणार आहे, त्याच्याजवळ द्या. मापाच्या बाबतीत सांगायचं तर सध्या ३ वर्षाच्या पोरांचं एकही कापड पेटीत नाही, अन पावसाचे दिवस आहेत म्हणून पूर्ण बाहीचं असलं तर अजून चांगलं.

वर्ध्याचा_बाप

दोन पूर्ण बाहीचे आहेत. एकावर खिशाजवळ पेनची शाई आहे, तो काढून ठेवला. बाकीचे चार बांधतो.

दर्यापूरकरीण

शाईवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून खाली जुना कपडा धरून टिपून पाहा दादा, चोळू नका, पसरते.

वर्ध्याचा_बाप

पाहतो ताई. गेली तर पाचही देतो.